छोट्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे असेल, तर ही कामे याच क्रमाने करा

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी मला गाठते. "आमचा यंदा बारावीत आहे. बास्केटबॉल मस्त खेळतो. कॉलेजच्या टीममध्ये घेतात का हो?" तेव्हा नोव्हेंबर लागलेला असतो आणि अर्जाची पहिली मुदत एकतर उलटून गेलेली असते, नाहीतर चार दिवसांवर आलेली असते. मुलाची फिल्म नाही, कॉलेजांची यादी नाही, एकाही कोचला पत्र गेलेले नाही. तीन कॅम्पचे पैसे मात्र भरून झालेले असतात.

माझी लेक न्यू जर्सीतल्या सरकारी हायस्कूलमधून पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी खेळाडू, म्हणून गेली. उंची पाच फूट चार इंच. त्या दीड-दोन वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या, त्याच आता दुसऱ्यांच्या घरी होताना पाहते. काय काय करायचे ते बहुतेकांना साधारण ठाऊक असते, क्रम मात्र चुकतो. अमेरिकेत हायस्कूलला असलेली मुले समोर ठेवून हे लिहिले आहे. भारतातून येऊ पाहणाऱ्यांसाठी एक छोटा भाग शेवटाकडे आहे.

## टप्पा १: कोणत्या दारात काय मिळते ते समजून घ्या

लेकीचे "डिव्हिजन थ्री" ठरले तेव्हा नाशिकहून सासऱ्यांचा फोन आला. "थर्ड डिव्हिजन? एवढी हुशार पोर, थर्ड डिव्हिजनमध्ये कशी गेली?" त्यांच्या काळी थर्ड डिव्हिजन म्हणजे काठावर पास. इथे तो अर्थ नाही. कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तीन डिव्हिजन खेळावरच्या खर्चावरून आणि नियमांवरून पडतात. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एनवाययू, एमोरी, टफ्ट्स, अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स हे सगळे बास्केटबॉलमध्ये डी-थ्री आहेत.

थोडक्यात हिशेब असा:

- डी-वन: टीव्हीवर दिसते ते. आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे) डी-वनच आहे, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. "प्रिन्स्टनची फुल स्कॉलरशिप" असे कुणी बास्केटबॉलबद्दल सांगत असेल, तर ती घरच्या उत्पन्नावर मिळालेली मदत असते.
- डी-टू: शिष्यवृत्ती आहे, पण कोच ती तुकड्यातुकड्यांनी वाटतो. सगळा खर्च निघेल एवढी क्वचित कुणाला.
- डी-थ्री: चारशेहून जास्त कॉलेजे. खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. मार्कांवरची मेरिट शिष्यवृत्ती आणि गरजेनुसारची मदत मात्र इतर विद्यार्थ्यांसारखीच मिळते.
- एनएआयए: ही वेगळी संघटना. बहुतेक छोटी, बरीचशी चर्चशी जोडलेली कॉलेजे. खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ शकतात.
- ज्युनियर कॉलेज: आपल्या अकरावी-बारावीशी याचा संबंध नाही. हायस्कूलनंतरची दोन वर्षे, मग चार वर्षांच्या कॉलेजात बदली.

हा लेख मुख्यतः डी-थ्रीबद्दल आहे, कारण आपली बरीच मुले तिथेच बसतात आणि चुकाही तिथेच होतात. डी-थ्रीत कोच तुम्हाला शोधत येत नाही. त्याच्याकडे ना वेळ, ना प्रवासाचे पैसे. तुम्हीच दार वाजवायचे असते.

सावधान: "डी-वन नाही जमले तर डी-थ्री आहेच" असे धरून चालू नका. वरच्या डिव्हिजनमधून बदली करून येणारे एकोणीस-वीस वर्षांचे तयार खेळाडू आता खाली सरकतात आणि हायस्कूलच्या मुलांसाठी तेवढ्या जागा कमी होतात.

## टप्पा २: नववीपासूनचे मार्क

हे सांगायला कंटाळा येतो, पण सांगते. छोट्या नामांकित कॉलेजात कोचला आवडलेल्या मुलीचा कागद प्रवेश कार्यालयात जातो आणि तिथून "नाही" आले की कोच गप्प बसतो. तिथे त्याचे फार चालत नाही. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकावर, नववीचे मार्कही असतात. सीझनच्या धावपळीत अवघड विषय सोडून सोपा घेतला, तर तेही वाचणाऱ्याला दिसते.

एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा अकरावीच्या वसंतापर्यंत एकदा देऊन ठेवा. पुष्कळ कॉलेजे गुण ऐच्छिक ठेवतात, पण कोच उन्हाळ्यात तुमचा कागद प्रवेश कार्यालयापुढे ठेवतो तेव्हा चांगला गुण हाताशी असलेला बरा. एमआयटी आणि कॅलटेकला तर गुण लागतातच.

डी-टू किंवा डी-वनची थोडीही शक्यता असेल, तर एनसीएएचे १६ मुख्य विषय पुरे होताहेत ना हे शाळेच्या काउन्सेलरकडून दहावीतच तपासून घ्या. बारावीत कळले तर भरून काढायला सत्रे उरत नाहीत.

## टप्पा ३: पातळी खरी किती, ते पाहा

घरोघरी सगळ्यात अवघड टप्पा हाच. कारण आईबाप ड्राइव्हवेतल्या हूपपासून त्या पोराचा खेळ पाहत आलेले असतात.

सामन्याला प्रत्यक्ष जा. न्यू जर्सीत असाल तर होबोकनचे स्टीव्हन्स, मॉन्टक्लेअर स्टेट, युइंगचे टीसीएनजे, रटगर्सचे न्यूअर्क आणि कॅम्डेन हे सगळे डी-थ्री. दुसरीकडे असाल तरी तासाभराच्या अंतरावर एखादे सापडेलच. सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि वॉर्म-अप पाहा. तुमच्या पोराच्या जागेवरचे खेळाडू किती उंच आहेत? दबावाखाली चेंडू किती लवकर सोडतात? बाकावर शेवटी बसलेला, अजिबात न खेळलेला मुलगा कसा नेम मारतो? हे तिसरे नीट पाहा. तुमच्या पोराची पहिली स्पर्धा त्याच्याशी आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक गाडीत बसल्यावर वीस मिनिटे बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, त्यांची तिसरी गार्ड आमच्या काउंटीत पहिली आली असती." त्या संध्याकाळनंतर तिने डाव्या हातावर काम सुरू केले.

मग हायस्कूलच्या आणि क्लबच्या, म्हणजे एएयूच्या, कोचला एकेकटे गाठा आणि सरळ विचारा: "गेल्या चार-पाच वर्षांत तुमच्याकडून कॉलेजात खेळायला कोण गेले, कुठे गेले, आणि आमची मुलगी त्यांच्या तुलनेत कुठे आहे?" "कॉलेजात खेळू शकेल का?" असे मोघम विचारले तर "हो, का नाही!" असे मोघमच उत्तर येते.

तपासा: उंची बुटाशिवाय मोजा आणि तीच लिहा. कोच भेटताच डोळ्यांनी मोजतो. दोन इंच वाढवून लिहिले, की पुढचे सगळे आकडेही त्याला खोटे वाटू लागतात.

## टप्पा ४: पंचवीस-तीस कॉलेजांची यादी

यादी अकरावीच्या सुरुवातीला तयार हवी. गाळण्या याच क्रमाने लावा.

पहिली, अभ्यासक्रम. आपल्याकडे निम्म्या मुलांना इंजिनीअरिंग हवे असते आणि छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांपैकी अनेकांत ते नसतेच. काही ठिकाणी तीन वर्षे इथे आणि दोन वर्षे दुसऱ्या विद्यापीठात अशी सोय असते, पण मग चौथ्या सीझनचे काय, हे आधी विचारा.

दुसरी, प्रवेशाची शक्यता. खेळ बाजूला ठेवून, निव्वळ मार्कांवर हे मूल त्या कॉलेजच्या आसपास आहे का? कोचचा पाठिंबा काठावरच्या मुलाला आत घेऊ शकतो. खूप खाली असलेल्याला तो उचलत नाही.

तिसरी, पैसा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता किती भरावे लागेल याचा अंदाज तो देतो. अर्धा तास बसून आकडे भरा. ही गाळणी लोक शेवटी लावतात आणि बारावीच्या डिसेंबरात नवरा-बायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात भांडतात.

चौथी, रोस्टर. टीमच्या पानावर खेळाडूंची नावे, वर्ष, जागा, उंची आणि गाव दिलेले असते. तुमची मुलगी ज्या वर्षी जाईल त्या वर्षी तिच्या जागेवरच्या किती जणी पास होऊन गेलेल्या असतील ते मोजा. चार गार्ड आत्ताच पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील, तर तिथे दोन वर्षे बाकावर जातील. दरवर्षी आठ-नऊ नवीन येतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दोघेच उरतात असे दिसले, तर बाकीचे का सोडून गेले हे भेटीत विचारायचे.

पाचवी, खेळायची पद्धत. आयोवातल्या ग्रिनेलची मुलांची टीम अनेक वर्षे पाच-पाच खेळाडू एकदम बदलत, धावत, सतत तीन गुणांचे नेम टाकत खेळली. २०१२ मध्ये त्यांच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले ते त्याच पद्धतीत. तो खेळ ज्याला मानवतो त्याला स्वर्ग, पाठ बास्केटकडे करून खेळणाऱ्या सावकाश सेंटरला तिथे काम नाही. यादीतल्या प्रत्येक टीमचे दोन सामने ऑनलाइन पाहा. बरेचसे फुकट दिसतात.

तपासा: पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि वर्षभर खेळता आले नाही, तर याच कॉलेजात राहायला आवडेल का? मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, तेव्हा हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. उत्तर "नाही" असेल तर नाव खोडा.

## टप्पा ५: फिल्म

दोन गोष्टी लागतात: तीन-चार मिनिटांची निवडक फिल्म आणि दोन-तीन पूर्ण सामने. बहुतेक हायस्कूल टीमचे सामने हडल या व्हिडिओच्या संकेतस्थळावर असतात, तिथून कापता येतात. नसतील तर तिवई लावून गॅलरीच्या मध्यावरून, उंचावरून घ्या. संपूर्ण हाफ कोर्ट दिसला पाहिजे. चेंडूच्या मागे मागे फिरणारा, "शूट! शूट!" असा बाबांचा आवाज असलेला व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत पाहत नाही.

सुरुवातीला दोन सेकंद नाव, हायस्कूल पूर्ण होण्याचे वर्ष, जागा, उंची, जर्सी क्रमांक आणि संपर्क. प्रत्येक तुकडा सुरू होताना खेळाडूभोवती वर्तुळ किंवा बाण. सगळ्यात चांगले पाच प्रसंग पहिल्या अर्ध्या मिनिटात टाका. गाणे घालू नका. स्लो मोशन नको.

लोक इथे फक्त बास्केट भरतात. लेकीच्या पहिल्या फिल्ममध्ये सतरा तीन-गुणी नेम होते, सगळे आत गेलेले. एका सहायक कोचने विचारले, "ती बचाव करते का?" दुसऱ्या फिल्ममध्ये आम्ही बचावात पाय कसे हलतात, सुटा चेंडू मिळवायला जमिनीवर झेप, दबावातून चेंडू पुढे नेणे, आणि एक असा पास टाकला ज्यावर मैत्रिणीचा नेम चुकला होता. पास अचूक होता, तो कोचला दिसतो.

पूर्ण सामना निवडताना मोठ्या फरकाने जिंकलेला घेऊ नका. तगड्या टीमशी झालेला, थोड्याने हरलेला सामना जास्त उपयोगी पडतो. चूक झाल्यावर मूल परत धावत येते की हात वर करून पंचाकडे पाहते, हे कोच त्यात शोधतात.

## टप्पा ६: पहिला ईमेल, आणि तो मुलानेच लिहायचा

माझी सगळ्यात मोठी फजिती इथे झाली. अकरावीच्या ऑक्टोबरात मी माझ्या ऑफिसच्या ईमेलवरून अकरा कोचना सुंदर पत्र पाठवले. "आमची मुलगी लहानपणापासून..." वगैरे. एकीने दोन ओळींत उत्तर दिले: आभार, तुमच्या मुलीकडून ऐकायला आवडेल. बाकी दहा जणांनी तेवढेही केले नाही. लेक आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

आधी टीमच्या पानावरचा रिक्रूट (टीममध्ये येऊ पाहणारा खेळाडू) प्रश्नावली फॉर्म भरा, म्हणजे नाव त्यांच्या नोंदीत जाते. मग त्याच दिवशी ईमेल. मुख्य कोच आणि रिक्रूटिंग पाहणारा सहायक, दोघांना. विषयाच्या ओळीत वर्ष, जागा, उंची, गाव-राज्य आणि जीपीए (मार्कांची सरासरी). आत फार तर दहा-बारा ओळी:

१. नाव, शाळा, क्लब टीम.
२. याच कॉलेजला का लिहिते आहे. कुठला विभाग, त्यांचा कुठला सामना पाहिला, काय आवडले. नाव बदलून दुसऱ्या कॉलेजलाही खपेल असे वाक्य असेल तर पुन्हा लिहा.
३. जीपीए, परीक्षेचा गुण, घेतलेले अवघड विषय.
४. फिल्मचा दुवा. परवानगी न मागता उघडतोय ना, हे दुसऱ्याच्या फोनवर पाहा.
५. पुढच्या दोन महिन्यांचे सामने: तारीख, वेळ, जिम, जर्सी क्रमांक.
६. हायस्कूल आणि क्लब कोचचा संपर्क, त्यांना विचारून.
७. एक प्रश्न. "माझ्या वर्षासाठी तुम्ही गार्ड शोधता आहात का?" प्रश्न असला की उत्तर द्यावेसे वाटते.

डी-थ्रीच्या कोचला ईमेल आणि फोन करायला इयत्तेची अट नाही, त्यामुळे "अजून त्यांना उत्तर द्यायची परवानगी नसेल" अशी स्वतःची समजूत घालू नका. उत्तर नाही आले तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लिहा. नवीन काहीतरी घेऊन: नवी फिल्म, नवे मार्क, जवळच्या स्पर्धेचे वेळापत्रक. तिसऱ्यांदाही शांतता असेल, तर नाव खाली सरकवा.

सावधान: मुलाचा ईमेल पत्ता साधा असू द्या आणि तो रोज उघडला जाऊ द्या. आपली पोरे ईमेल बघतच नाहीत. ओळखीतल्या एका मुलाला आलेले भेटीचे निमंत्रण सतरा दिवस तसेच पडून होते.

## टप्पा ७: आलेल्या उत्तराचे वजन ओळखा

सगळी उत्तरे सारखी नसतात. चढत्या क्रमाने सांगते.

"आमच्या एलिट कॅम्पला ये": हे पत्र शेकडो जणांना जाते. आमच्याकडे असे एक आले, त्यात लेकीच्या खेळाने प्रभावित झाल्याचे लिहिले होते. तेच पत्र, शब्दन् शब्द, शेजारच्या मंजिरीला आले. मंजिरी बॅडमिंटन खेळते. कुठल्यातरी फॉर्मवर चुकून बास्केटबॉलवर खूण केली होती.

"फॉर्म भर": नोंद झाली, इतकेच.

फिल्ममधला एखादा प्रसंग उचलून लिहिलेला ईमेल: कुणीतरी खरोखर पाहिले.

फोन करू का, असे विचारणे: तुम्ही लांबच्या यादीत आहात.

"ट्रान्स्क्रिप्ट पाठव": आता प्रकरण खरे आहे. कोच प्रवेश कार्यालयापुढे कागद उगाच नेत नाही.

कॅम्पला जाऊच नये असे नाही. ज्या कोचशी आधीच दोन-चार ईमेल झाले आहेत, त्याच्या कॅम्पला जरूर जा आणि आधी कळवा. उलट, ओळख नसलेल्या कॅम्पला पैसे भरून "बघतील तर आवडेल" या आशेवर जाणे म्हणजे कॉलेजच्या खेळखात्याला देणगीच. हजारो डॉलर घेऊन "प्रोफाइल" बनवून देणाऱ्या सेवांबद्दलही माझे हेच मत. त्या जे ईमेल पाठवतात, ते तुमचे मूल जास्त चांगले लिहील.

## टप्पा ८: फोन आणि भेट

फोनवर मूल एकटे. आईबाप दुसऱ्या खोलीत, दार लावून. मावशीला कोच बनवून एकदा सराव करा. पहिल्या फोनला माझी लेक सगळ्याला "येस" म्हणत होती आणि एकही प्रश्न न विचारता दहा मिनिटांत फोन संपला. पुढच्या वेळी तिने पाच प्रश्न कागदावर लिहून ठेवले.

स्वतःच्या खर्चाने भेट केव्हाही देता येते. कॉलेजच्या खर्चाने होणारी अधिकृत भेट डी-थ्रीत अकरावीच्या १ जानेवारीनंतर देता येते. रात्री टीममधल्या कुणाच्यातरी खोलीत मुक्काम असतो. सराव असेल अशा दिवशी जा. कोच चुकलेल्या खेळाडूशी कसे बोलतो ते तासाभरात कळते. खेळाडूंबरोबर जेवा, कोच नसताना. त्यांना विचारा: प्रयोगशाळेचा तास आणि सराव एकदम आले तर काय होते? सोडून गेलेल्या का गेल्या?

कोचला विचारायचे प्रश्न, आणि हे मुलानेच विचारायचे:

- माझ्या वर्षात तुम्ही किती जण घेणार, माझ्या जागेवर किती?
- त्यात माझा क्रम कितवा?
- प्रवेश कार्यालयापुढे तुम्ही माझ्यासाठी पाठिंबा देणार का? त्या पाठिंब्याने आजवर काय झाले आहे?
- मी अर्ज कोणत्या फेरीत करावा अशी तुमची अपेक्षा आहे?

दुसरा प्रश्न आपल्या मुलांना उद्धट वाटतो. तो उद्धट नाही. कोचना तो रोज ऐकायची सवय असते आणि बहुतेक जण खरे सांगतात.

आईबापांसाठी एकच सूचना: "खेळायला किती मिनिटे मिळतील?" हे तुम्ही विचारायचे नाही. पैशाचे प्रश्न तुमचे, खेळाचे तिचे.

## टप्पा ९: प्री-रीड आणि पैशाचा आकडा

अकरावी संपल्यावर, जुलैपासून, पुष्कळ निवडक, म्हणजे प्रवेश अवघड असलेल्या, कॉलेजांचे कोच मोजक्या खेळाडूंची ट्रान्स्क्रिप्ट, गुण आणि बारावीचे विषय प्रवेश कार्यालयाकडून वाचून घेतात. याला प्री-रीड म्हणतात. उत्तर येते ते हिरवे, पिवळे किंवा लाल अशा स्वरूपाचे. हिरवे म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही. बारावीत मार्क घसरले नाहीत तर शक्यता चांगली, एवढेच. एमआयटीत तर बंधनकारक (मिळाले तर जायलाच हवे अशी) फेरीच नाही आणि कोचचा शब्द म्हणजे फाइलमधली आणखी एक शिफारस, असे समजून चाला.

याच वेळी, वाट न पाहता, आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी अंदाज मागा. पुष्कळ छोटी कॉलेजे रिक्रूट होणाऱ्यांना तो देतात.

आपल्या घरांसाठी इथे एक खास खड्डा आहे. मूल एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फॅफ्सा या अर्जामार्फत मिळणारी केंद्र सरकारची मदत त्याला मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मिळते. एच-४च्या मुलांना अनेक कॉलेजे मदतीसाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात, मग ते मूल दुसरीपासून एडिसनला वाढलेले का असेना. अ‍ॅम्हर्स्ट, बोडन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्याचीही पैसे भरायची ऐपत पाहत नाहीत. बाकी ठिकाणी विचारल्याशिवाय काही धरू नका. एच-४वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही, म्हणजे कॅम्पसवरचे छोटे काम किंवा उन्हाळी कॅम्पमध्ये लहान मुलांना शिकवून मिळणारे पैसेही नाहीत. आणि २१ पूर्ण होताच व्हिसा बदलावा लागतो, तो दिवस सीझनच्या मध्यातही येऊ शकतो. हे सगळे कोचला नव्हे, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. कोचला यातले काही माहीत नसते, तो आनंदाने "होईल की!" म्हणतो.

तपासा: कॅल्क्युलेटरचा आकडा, कार्यालयाचा अंदाज आणि तुम्ही दरवर्षी भरू शकता तो आकडा, तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले का? नसतील तर टप्पा १० वाचू नका.

## टप्पा १०: होकार

डी-थ्रीत "ऑफर" म्हणजे टीममध्ये जागा आणि, जिथे चालते तिथे, प्रवेशासाठी पाठिंबा. सही करून घेतलेला बंधनकारक करार नसतो. प्रवेशानंतर फोटो काढायला सही करतात तो कागद निव्वळ समारंभाचा.

निवडक कॉलेजांत कोच सहसा म्हणतो: अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी पाठिंबा देतो. ही फेरी बंधनकारक. मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. एकाच ठिकाणी करता येते. मिळालेली मदत खरोखरच पुरत नसेल तर सुटका मागता येते, पण आधी हिशेब न करता त्या भरवशावर अर्ज करणे शहाणपणाचे नाही.

हो म्हणण्याआधी कोचच्या तोंडून दोन वाक्ये स्पष्ट यायला हवीत: "तुला रोस्टरवर जागा आहे" आणि "मी तुझ्यासाठी प्रवेश कार्यालयाशी बोललो आहे, त्यांचे म्हणणे असे आहे." "आम्हाला तू खूप आवडतेस, अर्ज कर आणि बघू" यात दोन्ही नाहीत. फोन झाल्यावर मुलीने आभाराच्या ईमेलमध्ये तेच मुद्दे पुन्हा लिहावेत, म्हणजे नोंद राहते.

होकार दिल्यावर बाकी कोचना दोन ओळींचे नम्र पत्र त्याच दिवशी. ते एकमेकांना ओळखतात, आणि यातलाच एखादा उद्या तुमच्या कॉलेजात येऊ शकतो.

सावधान: मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो निकाल हातात आल्यावर टाका.

## टप्पा ११: डिसेंबरात नकार आला तर

दुसरी अर्ली डिसिजन फेरी असते, मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. नकार आला त्याच संध्याकाळी यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या कोचला लिहा. त्यांच्याही पहिल्या पसंतीच्या मुली कुठेतरी गेलेल्या असतात. फार निवडक नसलेली डी-थ्री आणि एनएआयए कॉलेजे एप्रिल-मेपर्यंत खेळाडू घेत राहतात. उशिरा सुरुवात केलेल्यांना, दिवाळीच्या रांगेतल्या त्या बाबांना, मी इथूनच सुरू करायला सांगते: फिल्म आठवड्यात, वीस ईमेल नाताळच्या आत.

## भारतातून येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतून किंवा पणजीतून खेळणाऱ्यांनाही टप्पे हेच. फरक तीन. परदेशातून डी-थ्रीत येणाऱ्या खेळाडूला एनसीएएच्या पात्रता केंद्राकडून हौशी असल्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून क्लबशी केलेले करार आणि रोख बक्षिसांची नोंद जपून ठेवा आणि तिथे खरी सांगा. भेट देणे परवडणार नाही, तेव्हा पूर्ण सामन्यांची फिल्म दुप्पट महत्त्वाची. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचे सामने कुणालातरी सांगून उंचावरून चित्रित करून घ्या. आणि कोचला खर्चाचा आकडा पहिल्या महिन्यातच सांगा.

## टप्पा १२: ऑगस्टच्या आधीचे कागद

कोच उन्हाळ्याचा व्यायामाचा तक्ता पाठवतो. तो पाळला की नाही हे ऑक्टोबरच्या पहिल्या सरावात कळते. लसीकरणाची कागदपत्रे आणि सीझनच्या सहा महिन्यांच्या आतली डॉक्टरी तपासणी लागते. तिच्या तारखा जुळवून घ्या. फार लवकर केली तर पुन्हा करावी लागते.

शेवटचा एक कागद सगळ्यांना अडवतो. एनसीएए प्रत्येक खेळाडूच्या सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाबद्दलची माहिती मागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची ही तपासणी जन्मतःच झालेली असते, हॉस्पिटलकडून किंवा राज्याकडून निकाल मागवता येतो. माझी लेक पुण्यात जन्मलेली. टीमच्या ट्रेनरचा ईमेल आला, "नवजात तपासणीचा अहवाल पाठवा," आणि मी दोन दिवस जुन्या फायली उपसत बसले, प्रसूतिगृहाला फोन लावले. असा अहवाल नव्हताच. साधी रक्ततपासणी आहे, नेहमीच्या डॉक्टरकडे जुलैत करून टाका.